पवळीचं दावं

"दावं बी घ्या, बाई," धुरपताबाई म्हणाली.

मी हात पुढं केला. पवळीच्या गळ्यातून आलेलं दावं तिच्या उजव्या मुठीत होतं. मी ते धरलं, पण तिनं मूठ सोडली नाही. दोघींच्या हातात एकच दावं, आणि पलीकडं ती पांढरीशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या असलेली गाय निवांत रवंथ करत उभी.

"घेताय न्हवं दावं?" तिनं पुन्हा विचारलं.

"घेते की. बरंच झालं. आमचे दोर अजून उदगीरहून यायचेत."

"इचार करून घ्या."

मला हसू आलं. दाव्याचा काय विचार करायचा, असं मी म्हटलंसुद्धा. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या पाठीमागच्या कोऱ्या तारेच्या कुंपणाकडं पाहिलं आणि मूठ उघडली. गाईच्या पाठीवर हातही न फिरवता ती वळली आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली.

तिच्या मागं रांग होती. त्या सकाळी बोरतळच्या तेवीस घरांतून तेवीस गाई आल्या, आणि प्रत्येकानं गाईबरोबर दावंही माझ्या हातात दिलं. बायकांनी दिलं, म्हाताऱ्यांनी दिलं, एकानं तर दोन्ही हातांनी दिलं. देऊन झालं तरी कुणी घरी जाईना. फाटकाबाहेर घोळका करून सगळे उभे, माझ्याकडं बघत. मला वाटलं, गाईंचा निरोप घेतायत. मी हात जोडून सगळ्यांना मोठ्यानं धन्यवाद म्हटलं. तेव्हा एकेक जण वळला आणि गावाकडं चालू लागला. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. सांगायला लाज वाटते, पण झाला होता.

परवा बोरतळच्या त्या संशोधन केंद्रातून पत्र आलं. स्थापनेला चाळीस वर्षं झाली, स्मरणिका काढतायत. केंद्राच्या पहिल्या प्रभारी या नात्यानं मी उभारणीच्या 'सुखद आठवणी' आठशे शब्दांत पाठवाव्यात, अशी विनंती आहे. सुखद हा शब्द त्यांनी आधीच घालून ठेवलाय, म्हणजे मला शोधायची तसदी नको. पाठवीन आठशे शब्द. त्यात मावणार नाही ते इथं लिहून ठेवते.

आधी माझं अज्ञान सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी शैला तांबट, नाशिकच्या तांबट आळीतली. आमच्या घरी हंडे, घंगाळी आणि दिवसभर हातोड्यांची ठकठक. घरात गाय होती ती देवघरात, पितळेची, वासराला पाजणारी. दर गुरुवारी तिला चिंचेनं घासायचं काम माझ्याकडं होतं. गाईशी माझा तेवढाच संबंध. कृषी महाविद्यालयात गेले ती मार्क पडले म्हणून, आणि चारापिकांत पुढचं शिकले ते दुसऱ्या विषयात जागा उरली नव्हती म्हणून. पण मी हुशार होते हो. देवणी जातीच्या गाईची सगळी लक्षणं मला कपाळापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत तोंडपाठ होती. प्रत्यक्ष गाय खुंट्याला बांधताना मात्र मी पहिल्यांदा पाहिली ती बोरतळला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी.

बोरतळ उदगीरच्या पुढं, बालाघाटच्या माळावर. गावाला लागून एकशे चाळीस एकर गायरान आणि त्याच्या पार पलीकडच्या टोकाला तळं. गावची सगळी गुरं त्या गायरानावर चरायची आणि त्या तळ्यावर पाणी प्यायची. शुद्ध देवणी गाई राखायच्या, त्यांच्यासाठी चाऱ्याची पिकं शोधायची, म्हणून विद्यापीठानं तिथं संशोधन केंद्र काढायचं ठरवलं. सरपंचाला सांगितलं की गावातल्या लोकांना कामं मिळतील. त्यानं गायरान देण्याचा ठराव करून दिला. मी चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत रुजू झाले तेव्हा तिथं एक पत्र्याची खोली होती आणि बाकी सगळा वारा.

पहिलं काम गवताची मोजणी. मीटरभर लांबी-रुंदीची लाकडी चौकट जमिनीवर टाकायची, तिच्या आतलं गवत कापायचं, जात लिहायची, वजन करायचं. तिसऱ्या दिवशी एक बाई तीन गाई घेऊन आली आणि बांधावर बसून माझा उद्योग बघू लागली. पंचेचाळिशीची असेल. उंच, हाडापेराची, डोक्यावर निळ्या काठाच्या लुगड्याचा पदर. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, "माळाला चौकट बशिवताय, मंग दार कवा लावणार?"

ही धुरपताबाई. नवरा दम्यानं घरी बसलेला, दोन एकर खडकाळ रान, आणि या तीन गाई. त्यांतली मोठी पवळी. पवळीला दर दीड वर्षानं गोऱ्हा व्हायचा, आणि पवळीच्या गोऱ्ह्यांची जोडी बाजारात पोचायच्या आधीच गिऱ्हाईक दारात यायचं. आमचं घर रानावर चालत न्हाई, पवळीवर चालतंय, असं ती सांगायची. अतिशयोक्ती नव्हती. थोरल्या मुलीचं लग्न आणि घरावरचे पत्रे, दोन्ही पवळीच्या पोटातून आलेली.

तिनं मला गवत शिकवलं. मी लॅटिन नाव सांगितलं की ती म्हणायची, आईबापानं मारवेल नाव ठेवलंय, ते टाकून हे कुठलं परक्या घरचं सांगता. मारवेल कधी कापावं, पवन्या फुलावर आला की गाय तोंड का फिरवते, कुसळीची टोकं वासराच्या जिभेत कशी रुततात, हे सगळं तिनं बसल्या बसल्या सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. माझा पहिला तिमाही अहवाल वर फार नावाजला गेला. निम्मा तिचा होता. तिचं नाव त्यात कुठं नव्हतं. ते घालतात हेच मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी मी घातलं असतं की नाही, देव जाणे.

फेब्रुवारीत कुंपणाच्या तारांची भेंडोळी आली. ती बघून धुरपताबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही.

"बाई, कुंपण घालायचं ते घाला. गवत बी तुमचं. पर वढ्याच्या कडंनं तळ्यापतुर एक वाट सोडा. दोन गाई शेजारी शेजारी चालतील, येवढीच."

मी म्हटलं, सगळ्यांनाच हवी असेल ती.

"समद्यासाठीच मागूलालेय. वैरणीचं आमी काय बी करू, कडबा आणू, पाला आणू. पाणी कुठनं आणू? गावच्या हिरीवर मानसांचंच भागंना. नदी दीड कोस. गाभण गाय उन्हाळ्यात रोज तीन कोस चालती का? वाट ऱ्हायली तर दावणी ऱ्हातील, बाई. न्हाई तर उठल्या."

मी नकाशा काढला. ओढ्याच्या कडेनं पेन्सिलनं दोन रेघा मारल्या आणि तिला दाखवल्या. तिला नकाशा कळत नव्हता, पण रेघा कळल्या. "सबूद?" तिनं विचारलं. मी म्हटलं, शब्द.

होळीच्या आधी मोहोळकर साहेब आले. ते प्रकल्पाचे प्रमुख, मोठे विद्वान, आवाज कधी चढायचा नाही. त्या दोन रेघांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं. ते म्हणाले की आपला कळप आणि गावची गुरं एकाच पाण्यावर आली तर एका लाळ-खुरकुताच्या साथीत पाच वर्षांचं काम पाण्यात जाईल. चूक नव्हतं त्यांचं. मी म्हटलं, वाट कुंपणाच्या बाहेरून काढू, कुंपण दहा हात आत घेऊ, तळ्याचा एक काठ गावाला सोडू. ते म्हणाले, आराखडा मंजूर झालाय. मग चष्मा पुसत म्हणाले, "तुम्हाला इतकं वाटत असेल तर लेखी द्या. मी वर पाठवतो. बाईमाणूस हळवी पडली असं तिथं म्हणतील, पण माझी हरकत नाही."

मी लेखी दिलं नाही. अख्ख्या विद्यापीठात केंद्राची प्रभारी झालेली पहिली बाई मी, आणि माझं पहिलं पत्र गावच्या गाईंना पाणी द्या म्हणून? हळवी म्हणवून घ्यायची मला मरणाची भीती होती. अर्ध्या पानाचं पत्र होतं ते. त्यांनी पाठवलं असतं. वर एखाद्यानं हो म्हटलंही असतं. मी रबर घेऊन त्या दोन रेघा पुसल्या.

धुरपताबाईला मी सांगितलं नाही. तिला ते खड्ड्यांवरून कळलं. खांबांचे खड्डे ओढ्यापाशी पोचले त्या दिवशी ती तिथं उभी होती.

"हितं खड्डा कामून?"

मी तिला साथीचा रोग समजावून सांगितला. बराच वेळ सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी सबूद दिल्ता."

"वरून आदेश आहे."

"तुमी वर सांगितलं का?"

"सांगितलं," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. तोंडी सांगितलंच होतं.

पाडव्याला तार ओढून झाली. दुसऱ्या सकाळी गावची गुरं नेहमीच्या वेळी सवयीनं आली आणि कुंपणाला नाकं लावून उभी राहिली. आठ-दहा दिवस येत होती. मग लोकांनी ती नदीकडं वळवली. ऊन चढत चाललं. दोन गाभण गाई गाभडल्याचं, वासरं पोटातच गेल्याचं कानावर आलं. याच सुमाराला साहेबांचा निरोप आला की कळपासाठीच्या गाई आता खरेदी करा, आत्ता मिळतील. त्या 'आत्ता'चा अर्थ मला कळला होता. कळला नव्हता असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

मी गावात घरोघर फिरले. गुणपत्रक घेऊन गाई तपासल्या. पवळीसारखी गाय दुसरी नव्हती. तिच्यासाठी मी तीनदा धुरपताबाईच्या घरी गेले. तिन्ही वेळा तिनं मला बसायला पाट दिला आणि कोरा चहा दिला. गाय सुकली होती, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं. तिसऱ्या वेळी मी तिला म्हटलं की पवळी आमच्याकडं सुखात राहील, पोटभर खाईल, पोटभर पाणी पिईल. पाणी हा शब्द तोंडातून गेल्यावर जीभ चावली, पण गेला तो गेला.

त्यानंतर मारुतीच्या देवळात गाव बसलं. काय ठरलं ते मला कळलं नाही. सरपंचाचा निरोप एवढाच आला की सोमवारी सकाळी सगळे मिळून गाई आणून देतो. आणि सोमवारी तेवीस गाई आल्या, दाव्यांसकट.

दुपारी मी लगेच लिहायला बसले. तेवीस जणांना आभाराची पत्रं. आपण गाय दाव्यासह केंद्राच्या स्वाधीन करून जो मनाचा मोठेपणा दाखवलात, वगैरे वगैरे. लिहायचं ते पत्र लिहिलं नाही आणि हे मात्र हौसेनं लिहिलं, दोनदा खाडाखोड करून. बुधवारी पोस्टमननं ती गावात वाटली. अहवालातही एक परिच्छेद घातला, की ग्रामस्थांनी उत्स्फूर्तपणे दावीही भेट दिली. उद्घाटनाच्या भाषणात साहेबांनी तो वाचून दाखवला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गावातून फक्त सरपंच आला होता.

पुढं आमचे दोर आले, मग साखळ्या आल्या. गावची दावी कोठीत गेली. जूनमध्ये केंद्रात रोजंदारीची भरती झाली तेव्हा पहिल्या दिवशी पहिली धुरपताबाई आली. मी तिला चारा विभागात घेतलं. तिच्यासारखं मारवेल कापणारं कुणी नव्हतं. सहा वर्षं ती माझ्या हाताखाली होती. बोलायची कामापुरतं. पूर्वीची थट्टा संपली होती. आणि एक गोष्ट मला नेहमी खटकायची. तिच्या प्लॉटपासून गोठा दोनशे पावलांवर, पण ती पवळीला बघायला एकदाही गेली नाही. भारा गोठ्याच्या वळणापर्यंत न्यायची, दुसरीच्या डोक्यावर द्यायची आणि परत फिरायची. माणसं किती लवकर विसरतात, असं मी मनात म्हणायचे. हेही लिहून ठेवते.

नव्वद साली कळपासाठी एक खोंड हवा होता, म्हणून आम्ही हाळीच्या बाजारात गेलो. बरोबर इस्माईलभाई. हे आमच्या गोठ्याचे मुकादम, जन्म सगळा जनावरांच्या बाजारात गेलेला. माझ्याकडं लागून तेव्हा पाच वर्षं झाली होती. एका म्हाताऱ्याचा खोंड पसंत पडला. रुमालाखाली बोटं दाबून सौदा झाला. पैसे कमरेला लावल्यावर म्हाताऱ्यानं खोंडाच्या गळ्यातलं दावं सोडलं, त्याची नीट घडी केली आणि खांद्यावर टाकलं. इस्माईलभाईंनी पिशवीतून आमचा दोर काढून खोंडाच्या गळ्यात बांधला.

मी चेष्टेनं म्हटलं, "आजोबा, एवढा खोंड दिलात आणि दाव्याला मागं सरलात? आम्हाला बोरतळच्या लोकांनी तेवीस दावी फुकट दिली होती."

म्हातारा थांबला. "तेवीस? येकाच दिशी?"

"एकाच सकाळी."

"आन तुमी घेतली?"

मी हो म्हटलं. त्यानं इस्माईलभाईंकडं पाहिलं. इस्माईलभाई खोंडाच्या गळ्यातली गाठ पुन्हा तपासत बसले, जी पक्की होती.

"बाई," म्हातारा हळू म्हणाला, "जनावर इकावं, दावं देऊ न्हाई. दावं घरी खुट्टीला ऱ्हायलं म्हंजे दावण जिती ऱ्हाती. आज न उद्या दुसरं जनावर येतं. दावं दिलं म्हंजे आमची दावण उठली, आता आमच्या दारी परत जनावर न्हाई, म्हून घेणाऱ्याच्या तोंडावर सांगणं झालं."

मी विचारलं, मग देतं कशाला कुणी.

"त्याला हात लावायचा नसतोय. घेणारा शहाणा आसंल तर तो मागं सरतो. हात जोडतो, म्हनतो, तुमची दावण उठवायचं पाप मला नको, आडचण काय हाय ती सांगा. मंग आडचण सांगायची. आमच्यात लई आडल्यावरच मानूस दावं पुढं करतो. आन समदं गाव करतंय म्हंजे..." त्यानं पुढचं सोडून दिलं. खांद्यावरचं दावं सावरलं आणि गर्दीत निघून गेला.

खोंड घेऊन आम्ही ट्रकपाशी आलो. मग इस्माईलभाईंना विचारलं, कोठीतल्या दाव्यांचं तुम्हाला माहीत होतं का.

"म्हाईत हुतं, म्याडम. समद्या मुलखाला म्हाईत हाय."

"मग मला कधी बोलला नाहीत?"

ते ओशाळले. "मला वाटलं, तुमाला ठाव हाय. ठाव असून घेतली, असं समदेच म्हनत हुते."

दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी होण्याच्या सुमाराला मी कोठी उघडली. तेवीस दाव्यांतली बरीचशी गवताच्या गंज्या आवळायला गेली होती, काही उंदरांनी खाल्ली होती. पाच-सहा उरली होती. धुरपताबाईचं मला लगेच ओळखू आलं. अंबाडीच्या पेडात तिनं लुगड्याचा निळा काठ वळला होता. सहा वर्षं ते तिथं होतं आणि तो काठ मला पहिल्यांदा दिसला.

ती मारवेलच्या प्लॉटमध्ये एकटीच होती. बाकीच्या बाया हातपाय धुवायला गेल्या होत्या. मी दावं तिच्यापुढं धरलं. तिनं विळा थांबवला.

"धुरपताबाई, मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. "दावं का देतात ते मला काल कळलं. आईशप्पथ, काल."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी खरं बोलतेय की नाही ते तपासत होती बहुतेक. मग मटकन बांधावर बसली.

"ठाव नव्हतं?"

"नाही."

"तीनदा इचारलं म्या तुमाला."

"हो."

"देवळात समद्यांनी ठरिवलं, भांडायचं न्हाई, अर्ज करायचा न्हाई, दावी द्यायची. बाई शिकल्याली हाय, गवताची येवढी पारख हाय, दावं बघून लाजंल. म्हनंल, ऱ्हाऊ द्या, वाट सोडते. म्याच सांगितलं देवळात. म्हनलं, मी वळखते त्या बाईला. समद्यांच्या आधी म्या दिलं ते त्याच्यासाठीच." तिनं विळा खाली ठेवला. "तुमी हात जोडून आभार मानले. तरी लोकं म्हनली, दोन दिस थांबा, साहेबाला इचारून सांगंल. दोन दिस थांबलाव. बुदवारी तुमचं पत्र आलं."

मी म्हटलं, त्या पत्राबद्दल मी काय बोलू.

ती बोलू लागली, तेव्हा मला आधी कळलंच नाही की ती काय बोलतेय. सूर शाळेत कविता म्हणतात तसा होता. "महोदया. आपण गाय दाव्यासह केंद्राच्या स्वाधीन करून जो मनाचा मोठेपणा दाखवलात, त्याबद्दल केंद्र आपले ऋणी आहे. आपली दावण आता आमच्या अंगणी नांदेल. आपली नम्र."

एक अक्षर चुकली नाही. आणि तिला वाचता येत नव्हतं.

ते दावणीचं वाक्य माझं होतं. त्या वाक्यावर मी तेव्हा खूश होते.

"सरपंचाच्या लेकानं देवळात वाचलं," ती म्हणाली. "म्या त्याला पुना पुना वाचाय लावलं. पाठ करून घेतलं. म्हनलं, इसरू न्हाई."

मग मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. पवळीची यंदाची कालवड मी तुला मिळवून देते म्हटलं. नियमात बसत नाही, पण बसवते. आणि ओढ्याकडची वाट सोडते. आता साहेब नाहीत, केंद्राची प्रमुख मीच आहे, दोन दिवसांत खांब काढून देते.

"कुनासाठी?" तिनं विचारलं. "गावात आता जनावर हाय का? दोन शेरडं हायत. कालवड आनून येकटीला बांधू? आन माझा मालक हाय का आता, शेन काढू लागाय?"

नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. मी मयताला गेले होते. तेही त्या घटकेला विसरले होते.

मी म्हटलं, "मला माफ कर, धुरपताबाई. खरंच ठाऊक नव्हतं गं."

ती उठली. लुगड्याला चिकटलेली कुसळं एकेक करून काढली. चिडली नव्हती. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बाई, साऽ वर्सं मी समजत हुते, तुमी कठोर हाव. जानून घेतली दावी. कठोर मानसाचा राग धरता येतोय. तेवढ्या रागावर मी रोज हितं येऊन तुमच्या गायींला गवत कापलं. आता तुमी म्हनूलालाव, ठाव नव्हतं." तिनं विळा उचलून कमरेला खोवला. "येवढा राग हुता माझ्यापाशी. त्यो बी न्यायला आलाव का?"

मी दावं तसंच पुढं धरून उभी राहिले.

तिनं माझ्या हातातून दावं घेतलं. दोन्ही हातांनी ताणून बघितलं, अजून धड होतं. मग ते जमिनीवर पसरलं, कापलेलं मारवेल त्यावर रचलं, गुडघा रोवून भारा आवळला आणि निळ्या काठाची गाठ मारली. पाचच्या सुट्टीची घंटा झाली. चुंबळ डोक्यावर ठेवून ती म्हणाली, "हात लावा."

मी हात लावला. भारा तिच्या डोक्यावर चढवून दिला.

त्या दिवशी ती गोठ्याच्या वळणाशी थांबली नाही. सरळ गोठ्याच्या दारात गेली आणि भारा खाली टाकला. आत तिसऱ्या खुंट्याला पवळी साखळीनं बांधलेली होती. तिनं मान वर केली. धुरपताबाईनं आत पाहिलं नाही. रिकामी चुंबळ हातात घेऊन ती फाटकाकडं चालू लागली. एरवी दुसरी भारा टाकून आली की तिच्याकडून ती आपला दोर मागून घ्यायची. त्या दिवशी ते दावं तिनं सोडून घेतलं नाही.